चित्र दिसतं, पण दाबलं जात नाही: इमेजव्ह्यू, इमेजबटन आणि परत परत येणारी एकच तक्रार

"भाऊ, ते कॅमेऱ्याचं चित्र दाबून दाबून बोट दुखलं, पण उघडूनच नाही राहिलं. आमचा पोट्टा दाबते तर उघडते. मानूस पाहून चालते का तुमचं ॲप?"

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याकडे बसणाऱ्या दिवाणजींचा हा फोन. मार्च संपत आला होता, मृग बहाराच्या संत्र्याची आवक अजून चालू होती आणि दुपारचा पारा चाळिशीला टेकला होता. आम्ही तिघं धरमपेठेतल्या एका खोलीत बसून त्यांच्यासाठी बनवलेलं ॲप सांभाळतो. मुख्य पडदा साधा आहे. एकेका सौद्याची एकेक ओळ. डावीकडे मालाचा फोटो, मधे शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, आणि उजव्या टोकाला दोन छोटी चित्रं: एक कॅमेऱ्याचं, एक पट्टीचं (म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या कागदाचं). फोटो दाबला की मोठा व्हावा, ओळ दाबली की सौदा उघडावा, चित्र दाबलं की त्याचं त्याचं काम व्हावं. एवढंच.

ही तक्रार आम्ही तीनदा 'सोडवली'. पहिल्यांदा इमेजव्ह्यू (पडद्यावर चित्र दाखवणारा अँड्रॉइडचा घटक) काढून इमेजबटन (दाबायच्या चित्राचा घटक) टाकलं. दुसऱ्यांदा इमेजबटनाचं रूप बदललं. तिसऱ्यांदा वैतागून परत इमेजव्ह्यूवर आलो आणि वर टच लिसनर (बोटाचा इशारा ऐकून काम करणारा कोड) चढवला. दर वेळी तिकीट बंद झालं, आणि आठवड्याभरात वेगळा वेष घालून तेच दारात उभं. शेवटी एक दिवस नवं काम बाजूला ठेवून हे मुळापासून तपासलं. खालचं सगळं अँड्रॉइडच्या एक्सएमएल लेआउटबद्दल, म्हणजे पडद्याची मांडणी लिहायच्या फाइलींबद्दल आहे. कंपोज, फ्लटर (पडदे बनवायची दुसरी साधनं) आणि आयओएसवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी हे दोघं आहेत तरी कोण

नावावरून वाटतं की इमेजबटन म्हणजे बटनाचा भाऊ. तसं नाही. अँड्रॉइडमध्ये इमेजबटन हा वर्ग थेट इमेजव्ह्यूपासून निघालेला आहे, बटनापासून नाही. बटन टेक्स्टव्ह्यूच्या घरातलं, हा इमेजव्ह्यूच्या घरातला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पोहे तेच, वर तर्री ओतली.

ती तर्री म्हणजे नेमकं काय, हे माहीत नसल्यामुळेच आमची तिन्ही दुरुस्तीची कामं वाया गेली. इमेजबटन जन्मतःच क्लिकेबल (टॅप स्वतःकडे घेणारं) असतं आणि फोकसेबल (निवड स्वतःवर घेऊ शकणारं) असतं. त्याला बटनाचं बॅकग्राउंड आयतं मिळतं. त्याचा स्केलटाइप, म्हणजे चित्र चौकोनात कसं बसवायचं तो नियम, 'सेंटर' असतो, तर साध्या इमेजव्ह्यूचा 'फिट सेंटर'.  बाकी चित्र लावणं, टिंट देणं, लिसनर जोडणं, सगळं दोघांत सारखंच. इमेजव्ह्यूला क्लिक लिसनर जोडला की तोही क्लिकेबल होतो. म्हणून 'इमेजव्ह्यू दाबता येत नाही, इमेजबटन दाबता येतं' हे जे नवीन पोरांना सांगितलं जातं ते चूक आहे. दोन्ही दाबता येतात. मग आमच्या दिवाणजींचं का दाबलं जात नव्हतं?

मार्जिन आणि पॅडिंग

कारण फार फालतू होतं. चित्र २४ डीपीचं (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप), आणि आजूबाजूला मोकळी जागा हवी म्हणून आमच्यातल्या एकाने (मीच तो) १२ डीपीचं मार्जिन दिलं होतं. पडद्यावर ऐसपैस दिसतं. पण मार्जिन व्ह्यूच्या, म्हणजे पडद्यावरच्या त्या घटकाच्या, बाहेर असतं. तिथे बोट पडलं तर ते चित्राला कळतच नाही, टॅप मागच्या ओळीला जातो. तेच १२ डीपी पॅडिंग, म्हणजे व्ह्यूच्या आतली मोकळी जागा, म्हणून दिले असते तर चित्र तेवढंच दिसलं असतं, पण दाबायची जागा ४८ डीपी झाली असती.

हिशोब करून बघा. १६० डीपी म्हणजे एक इंच, म्हणजे २४ डीपी पावणेचार मिलिमीटरच्या आसपास आणि ४८ डीपी साडेसातच्या वर. क्षेत्रफळात चौपट फरक. दिवसभर क्रेट हलवून, संत्र्याच्या सालीचं तेल लागलेल्या जाड बोटाने पावणेचार मिलिमीटरचा चौकोन नेमका गाठणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. पोराचं बोट बारीक, त्याचं जमायचं. ॲप खरंच माणूस पाहून चालत होतं.

गूगलचं मार्गदर्शन ४८ डीपीचं आहे, ॲपलचं ४४ पॉइंटचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) २४ पिक्सेलची अट आहे, पण ती किमान पातळी. तिच्यावर भागवू नका.

जागाच नसेल तर काही जण टच डेलिगेट वापरतात, म्हणजे चित्र लहानच ठेवून त्याच्या पालकाला सांगायचं की आसपासचा टॅपही याचाच धर. एका व्ह्यूला एकच टच डेलिगेट लावता येतो, दुसरा लावला की पहिला जातो. एकाच ओळीत कॅमेरा आणि पट्टी दोन्हींसाठी लावून बसलात तर शेवटी लावलेला तेवढा चालेल आणि तुम्ही डोकं धरून बसाल. माझं मत विचाराल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, सरळ पॅडिंग द्या.

हे तपासायला कोड उघडायचीही गरज नाही. फोनच्या डेव्हलपर पर्यायांत लेआउटच्या सीमा दाखवायचा आणि टॅप दाखवायचा असे दोन पर्याय असतात, ते चालू करा आणि फोन वापरणाऱ्याच्याच हातात द्या. स्वतः दाबू नका. आपल्याला चित्र कुठे आहे ते ठाऊक असतं, त्यामुळे आपलं बोट बरोबर मधोमध पडतं.

राखाडी डबा आणि संत्र्याची साल

आमची पहिली 'दुरुस्ती' म्हणजे सगळीकडे इमेजबटन. त्यासरशी दोन गोष्टी झाल्या. कॅमेऱ्यामागे राखाडी डबा आला, आणि डावीकडचा मालाचा फोटो बिघडला. कॅमेऱ्यातून आलेला फोटो आम्ही थेट बसवत होतो. फिट सेंटर होतं तोवर अख्खा ढीग त्या चौकोनात मावायचा. सेंटर झाल्यावर चित्र लहान-मोठं न करता फक्त मधला तुकडा दिसायला लागला. अख्खा ढीग गेला, एका संत्र्याची साल तेवढी उरली. दिवाणजींनी विचारलं, "हा फोटो कोनाच्या मालाचा हाय, समजूनच नाही राहिलं."

यावर उपाय एकच ओळीचा: स्केलटाइप कधीच नशिबावर सोडू नका. फोटोला सेंटर क्रॉप, आयकनला सेंटर इनसाइड, असं स्वतः लिहा. मग वर्ग बदलला तरी चित्र हलणार नाही.

राखाडी डब्यावर इंटरनेटवर सर्वात जास्त सापडणारा सल्ला म्हणजे बॅकग्राउंड नल (काहीच नाही असं) करा किंवा पारदर्शक करा. आमची दुसरी 'दुरुस्ती' हीच. डबा गेला, पण त्याच्यासोबत दाबल्याची खूणही गेली. ती खूण बॅकग्राउंडमध्येच राहते. मग दिवाणजी दाबायचे, काही हललेलं दिसायचं नाही, परत दाबायचे, परत दाबायचे. एका सौद्यावर तीन तीन फोटो.

नल करण्याऐवजी थीममधलं 'सिलेक्टेबल आयटम बॅकग्राउंड बॉर्डरलेस' हे ॲट्रिब्यूट बॅकग्राउंड म्हणून द्या. डबा जातो, दाबल्यावर उमटणारी गोल लहर राहते. फोटोच्या बाबतीत मात्र हे पुरत नाही. फोटो अपारदर्शक असल्याने लहर त्याच्या मागे उमटते आणि झाकली जाते. तिथे साधं 'सिलेक्टेबल आयटम बॅकग्राउंड' फोरग्राउंड म्हणून द्यायचं. एपीआय २३, म्हणजे मार्शमॅलोपासून, हे कुठल्याही व्ह्यूला चालतं. त्याआधी ते फक्त फ्रेमलेआउटला होतं, म्हणून जुने लोक फोटो फ्रेमलेआउटात गुंडाळायचे. आता गरज नाही.

एक आडवी गोष्ट. बाजाराच्या शेडबाहेर, एप्रिलच्या उन्हात, ती फिकट लहर दिसतच नाही. आम्ही टॅपसोबत हलकं थरथरणं जोडलं. डिझाइनवाल्याला ते आवडलं नाही. तो एसीत बसतो.

तीन फोटोंचा प्रश्नही लहरीने पूर्ण सुटत नाही. पहिला टॅप मिळाला की कॅमेरा उघडेपर्यंत चित्र डिसेबल करावं लागतं. इथे एक खुबी आहे. एनेबल्ड खोटं केलं तरी व्ह्यू क्लिकेबल राहतो, तो टॅप गिळतो आणि गप्प बसतो. आपल्याला तेच हवं आहे. पण एनेबल्डऐवजी क्लिकेबल खोटं केलंत तर टॅप खालच्या ओळीवर गळतो आणि कॅमेऱ्याऐवजी सौदा उघडतो.

कधी उघडतं, कधी नाही

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला दोष. तक्रार अशी: "फोटोवर दाबलं तर कधी फोटो उघडते, कधी दुसऱ्याचाच उघडते, कधी काहीच नाही."

दुसऱ्याचाच फोटो का उघडायचा हे लगेच सापडलं. यादी रिसायकलरव्ह्यूची आहे, म्हणजे वर सरकून गेलेली ओळ खाली नव्या सौद्यासाठी परत वापरली जाते. आमचा कोड म्हणत होता की फोटो असेल तर इमेजव्ह्यूला लिसनर जोड. फोटो नसेल तर काय, याबद्दल तो गप्प. म्हणून बिनफोटोच्या ओळीत आधीच्या शेतकऱ्याचा लिसनर तसाच चिकटून राहायचा. मग दुरुस्ती केली: फोटो नसेल तर लिसनर नल कर. सोपं.

आणि त्याच दिवसापासून बिनफोटोच्या ओळी त्या चौकोनात मेल्या. अपेक्षा अशी होती की फोटो नाही, लिसनर नाही, तर टॅप मागच्या ओळीला जाईल आणि सौदा उघडेल. होत काहीच नव्हतं. ओळीवर इतरत्र दाबलं की उघडायचा. दिवाणजींच्या नजरेत हे 'कधी कधी' होतं, कारण कुठल्या सौद्याला फोटो आहे हे ते बघत नव्हते, आणि का बघावं?

दोन संध्याकाळी गेल्या यात. शेवटी एडीबीमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) यूआयऑटोमेटरचा डंप काढला. पडद्यावर या क्षणी जे जे आहे त्याचा वर्ग, सीमा, वर्णन आणि क्लिकेबल आहे की नाही, हे सगळं त्या फाइलमध्ये येतं. बिनफोटोच्या ओळीतला इमेजव्ह्यू क्लिकेबल, खरं! लिसनर नल, तरी क्लिकेबल.

अँड्रॉइडच्या व्ह्यू वर्गात सेट ऑन क्लिक लिसनर ही पद्धत पहिल्यांदा एवढंच बघते की व्ह्यू क्लिकेबल आहे का. नसेल तर करून टाकते. मग दिलेला लिसनर ठेवते, तो नल असला तरी. म्हणजे नल लिसनर जोडल्याने चित्र 'न दाबण्याजोगं' होत नाही. उलट, आजवर क्लिकेबल नव्हतं तेही होऊन बसतं. टॅप येतो, चित्र तो घेतं, कोणाला सांगायचं ते कळत नाही, संपलं. मागच्या ओळीपर्यंत काही पोचतच नाही.

इलाज म्हणजे लिसनर नल केल्यानंतर लगेच क्लिकेबल खोटं करणं. 'नंतर' महत्त्वाचं. आधी खोटं करून मग नल जोडलात तर ते परत खरं होतं. आणि तिथे इमेजबटन असतं तर ते जन्मतःच क्लिकेबल, म्हणजे लिसनरला हात न लावताही हीच गत झाली असती. तुमच्याकडे 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार असेल आणि यादी स्क्रोल होणारी असेल, तर सर्वात आधी हे बघा. माझ्या मते अशा निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

जुन्या लिस्टव्ह्यूवर असाल तर त्याचा एक वेगळा चमत्कार आहे. ओळीत इमेजबटन टाकलं की ओळीचा आयटम क्लिकच बंद पडतो, कारण आत फोकसेबल काहीतरी आहे. लोक एक्सएमएलमध्ये फोकसेबल खोटं लिहितात आणि काही होत नाही. इमेजबटन आपल्या कन्स्ट्रक्टरमध्येच स्वतःला पुन्हा फोकसेबल करून घेतं. ते कोडमधून, लेआउट इन्फ्लेट झाल्यावर (फाइलीतून पडदा तयार झाल्यावर) खोटं करा, किंवा ओळीच्या मुळाशी 'ब्लॉक्स डिसेंडंट्स' (आतल्यांना फोकस देऊ नका) लावा.

टच लिसनर काढा

तिसरी 'दुरुस्ती' करताना आमच्यातल्या धाकट्याने इमेजव्ह्यूला टच लिसनर लावला होता. बोट टेकलं की चित्र फिकट, उचललं की परत गडद आणि काम सुरू. दिसायला झकास. मग फोन आला की काही कॅमेरे कायमचे फिकट पडलेत. बोट टेकवून यादी सरकवली की 'उचललं' हा इशारा येतच नाही, 'रद्द' हा येतो, आणि तो आम्ही हाताळला नव्हता. शिवाय बोट चित्राबाहेर नेऊन उचललं तरी काम व्हायचं.

पण खरं नुकसान वेगळंच होतं. अडत्यांचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे बाप्पू म्हणतो, त्यांची नजर गेली काही वर्षं अगदी अधू आहे आणि ते टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन चालवतात. टॉकबॅकमध्ये दोनदा टॅप केलं की व्ह्यूची परफॉर्म क्लिक चालते, टच लिसनर नाही. आमचं सगळं काम टच लिसनरमध्ये. बाप्पूंसाठी अख्खी ओळ मुकी झाली होती, आणि त्यांनी महिनाभर तक्रारही केली नाही. पोराला हाक मारून दाबून घेत होते. अँड्रॉइड स्टुडिओचं लिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) याच चुकीवर पिवळी सूचना देत होतं. आम्ही ती दडपून टाकली होती.

दाबल्यावर चित्र बदलायचंच असेल तर त्यासाठी सिलेक्टर ड्रॉएबल आहे, म्हणजे कुठल्या अवस्थेत कुठलं चित्र ते सांगणारी यादी. त्यात नेहमीच्या अवस्थेचं चित्र सर्वात शेवटी ठेवा. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिलं जुळणारं उचललं जातं, नेहमीचं वर ठेवलं तर बाकीच्यांचा नंबरच लागत नाही.

बाप्पूंसोबत बसल्यावर वर्णनाचंही कळलं. कंटेंट डिस्क्रिप्शन (चित्राचं वाचून दाखवायचं वर्णन) नसलेलं इमेजबटन टॉकबॅक 'नाव नसलेलं बटन' अशा अर्थाने वाचतं. ओळीत दोन आणि पडद्यावर आठ ओळी, म्हणजे सोळा निनावी बटनं. त्यात 'फोटो काढा' लिहा. 'फोटो काढा बटन' लिहू नका, बटन हा शब्द टॉकबॅक स्वतः जोडतं आणि दोनदा ऐकू येतो. दाबता येणाऱ्या साध्या इमेजव्ह्यूलाही आताचं टॉकबॅक सहसा बटन म्हणूनच वाचतं.  

मग घ्यायचं काय

आमच्याकडे आता वाद होत नाही. चित्र म्हणजे आज्ञा असेल, कॅमेरा, शोध, बंद करा, तर इमेजबटन: ४८ डीपी, आत पॅडिंग, बॉर्डरलेस लहर, वर्णन. चित्र म्हणजे माहिती असेल, मालाचा फोटो वगैरे, तर इमेजव्ह्यू, फोरग्राउंडवर लहर, स्केलटाइप स्पष्ट लिहिलेला. आणि फोटो आणि ओळ दोन्ही एकाच ठिकाणी नेत असतील तर चित्राला लिसनर देऊच नका, ओळीलाच द्या. नुसती शोभा असेल तर इमेजव्ह्यू आणि वर्णन नल, म्हणजे टॉकबॅक ते ओलांडून पुढे जातं.

कंपोजमध्ये आयकनबटन ४८ डीपीची जागा स्वतः धरतं. नुसत्या इमेजला क्लिकेबल मॉडिफायर लावत असाल तर रोल बटन द्या आणि क्रम सांभाळा: क्लिकेबलच्या आधी लिहिलेलं पॅडिंग दाबण्याच्या जागेबाहेर राहतं, नंतरचं आत येतं. आमचीच मार्जिनची चूक, नव्या कपड्यात. फ्लटरमध्ये इंकवेलच्या आत इमेज ठेवली की लहर इमेजमागे लपते. तिथे इंक डॉट इमेज वापरा. आयओएसवर यूआयइमेजव्ह्यूचं यूजर इंटरॅक्शन मुळातच बंद असतं, ते चालू केल्याशिवाय जेस्चर जोडून उपयोग नाही, आणि बहुतेक वेळा तिथे सरळ यूआयबटन घेणंच शहाणपणाचं.

राहिलं ते पट्टीचं चित्र. कोपरा दुमडलेला कागद. जागा, लहर, वर्णन सगळं नीट केलं, तरी दिवाणजी ते दाबेनात. विचारलं तर म्हणाले, "दाबल्यावर सौदा खोडला जाईन अशी भीती वाटते ना भाऊ. कागद म्हंजे काय समजाचं?" आम्ही ते काढून तिथे साधं अक्षरी बटन टाकलं, त्यावर 'पट्टी' असं लिहून. लांब नावाच्या शेतकऱ्यांची ओळ आता दोन रेघांत जाते. त्यावर अजून फोन आलेला नाही.